हौदातली मंडळी

आमच्या मनीषनगरच्या घरात जेवणं उरकली की कुणीतरी बाबांचा हौद काढतंच. पाहुणे असले तर नक्की. मग मी दोनदा नको नको म्हणतो आणि सांगतो, की मे महिन्याच्या उन्हात, एकट्यानं, गुडघ्याएवढ्या चिखलात उतरून मी बैलगाडीएवढा हौद कसा उपसला होता. पोरांना ते पाठ आहे. हौद दरवर्षी थोडा खोल होतो, असं धाकटी म्हणते. ऊन मात्र मी तेवढंच ठेवलं आहे. नागपूरच्या उन्हात भर घालायला जागा नसते.

गोष्ट खरी आहे. हौद मी एकट्यानंच उपसला. का उपसला, ते आजवर कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते सांगायचं तर आधी मास्तरांबद्दल सांगायला हवं.

सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची, पण ते कधीच मास्तर नव्हते. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काचेच्या बश्या आणि नळ्या धुतल्या. त्या बश्यांत प्रोफेसर लोक मातीतले जंतू वाढवायचे, वहीत त्यांची नोंद करायचे आणि काम झालं की बश्या मास्तरांच्या हवाली करायचे. मास्तर त्या एका मोठ्या कुकरात घालून वाफ देत. जंतू मेले की बश्या धुऊन पालथ्या घालत.

"तीस वर्सं मारून मारून धुतले त्यायले," ते सांगायचे. "रिटायर झालो, त म्हनलं आता थोडे जगवू."

त्यांच्यासमोर जंतू हा शब्द चालत नसे. 'मंडळी' म्हणायचं. त्यांच्या खाटेखाली चिखलाच्या बाटल्या रांगेनं ठेवलेल्या असत. थंडीत त्या बाटल्यांना गोधडी आणि मास्तरांच्या अंगावर एक धोतर. सदऱ्याच्या खिशात कायम गुळाचा खडा, तो मंडळींसाठी. त्यांच्या घरी गेलो की काकू चहाचं आधण ठेवता ठेवता सुरू व्हायच्या, "घरात चहाले गूळ नाई, अन् चिखलाले पयले. माह्याशी लगन काहून केलं म्हनते मी, एखाद्या डबक्याशी कराचं होतं."

मास्तर मान हलवायचे. "डबकं इतकं बोलत नाई ना वं."

एकदा सीताबर्डीहून ते सिटी बसनं ओल्या शेणमातीचं पोतं घेऊन निघाले. कंडक्टरनं नाकाला रुमाल लावून विचारलं, "यात काय आहे?"

"मंडळी."

"किती?"

"मोजली नाई गा."

पुढच्या थांब्यावर कंडक्टरनं त्यांना आणि मंडळींना उतरवलं. ते पोतं डोक्यावर घेऊन चार मैल चालत आले. बसवाल्यावर राग नव्हता. पोत्याला ऊन लागलं याचा मात्र होता.

माणूस नवा भेटला की ते त्याचं तोंड बघत नसत, नखं बघत. नखात माती असेल तर बसायला सांगत. माझी नखं पहिल्या दिवशी त्यांनी इतका वेळ बघितली की मी हात खिशात घातले. धरमपेठेत मामाकडे वाढलेला मी. रोज कारखान्यातून आलो की मामी साबणानं हात धुतल्याशिवाय आत घेत नसे. माझी नखं गुलाबी होती.

मामाचा कारखाना वस्तीला लागून होता. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, बादल्यांच्या कड्या असल्या लोखंडी वस्तूंना क्रोमचं पाणी चढवून चकचकीत करायचं, हा आमचा धंदा. मी बी.एस्सी.ला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो होतो, पण मामानं माझ्या टेबलावर 'केमिस्ट' अशी पाटी ठेवली होती. पाटीलाही क्रोमचं पाणी चढवलेलं होतं. त्या टेबलावरच मास्तरांनी एका सकाळी पितळेचा तांब्या आणून ठेवला. आत फिकट पिवळं पाणी.

मी यजमानाच्या उत्साहानं म्हटलं, "अरे वा. सरबत कशाला आणलंत?"

त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "सरबतच हाये, भाऊ. तुमच्याच घरचं हाये. पिऊन दाखवा."

त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली आणि दोन थेंब तांब्यात सोडले. पाणी जांभळं झालं, वांग्याच्या सालीसारखं. हे थेंब क्रोम ओळखतात, हे मला बी.एस्सी.त शिकवलं असणार. त्या दिवशी मी बहुधा गैरहजर होतो. पण क्रोमचं पाणी काय करतं ते मला पुस्तकाशिवाय माहीत होतं. आमच्या कामगारांच्या बोटांना भोकं पडत, महिना महिना भरत नसत. ते पाणी आम्ही मागच्या नालीत सोडत होतो. नालीपासून साठ पावलांवर वस्तीची विहीर होती.

ही विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. रस्त्यापलीकडच्या नळावर वस्तीतल्या बायकांना सगळ्यांचं भरून होईपर्यंत उभं राहावं लागे आणि मग कुणीतरी वरून, भांड्याला भांडं न लावता, पाणी ओतत असे. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी वस्तीनं ठरवलं की त्या नळावर पुन्हा जायचं नाही. उन्हाळाभर खणून त्यांनी आपली विहीर काढली. काकूंनी पोटुशी असताना त्यातली माती टोपलीनं वर काढली होती. विहिरीच्या काठावर कुणीही चप्पल घालून गेलेलं त्यांना चालत नसे.

मामा घाबरला. घाबरला की तो उदार होतो. फाटकाशी येऊन काकूंना म्हणाला, "बाई, आमच्या कारखान्याच्या नळाचं पाणी न्या. दिवसभर न्या. मी गड्याला सांगून ठेवतो."

काकू रिकामी बादली कमरेवर घेऊन उभ्या होत्या. "विहीर खराब तुमीच कराची, अन् पानीबी तुमीच द्याचं. मंग आमचं काय राह्यलं?"

मामानं माझ्याकडे बघितलं. मला तर काही सुचण्याची पद्धतच नव्हती.

तक्रार गेली आणि आरोग्य निरीक्षक आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे एकच उपाय होता. पाणी विषारी आहे, एकविसाव्या दिवशी विहीर मुरूम टाकून बुजवायची. नळाचं काय, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाला, मंजूर झाला की येईल. तो कधी मंजूर होणार हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं.

मास्तर पुढे झाले. "साहेब, मी पानी साफ करून देतो."

"कशानं?"

"चिखलानं."

निरीक्षक हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मास्तरांनी काठीनं जमिनीवर आकृती काढली. एक हौद बांधायचा, चिखलानं भरायचा. विहिरीचं पाणी त्यात ओतायचं. चिखलातून झिरपून ते शेजारच्या वाळूच्या हौदात येईल आणि तिथून पुन्हा विहिरीत. चिखलातली मंडळी गूळ खातील आणि क्रोमला धरून खाली बसवतील. तो हिरवट गाळ होऊन तळाशी राहील, पाण्यात विरघळणार नाही.

"जहर मरत नाई साहेब, बसते फक्त. बसलेलं आमी उचलून ज्याचं त्याच्या घरी देऊ." हे म्हणताना त्यांनी कारखान्याकडे बघितलं. मामानं आमच्या आवारात त्या गाळासाठी सिमेंटचा खड्डा बांधायचं तिथंच कबूल केलं. नाली त्याच दिवशी बंद झाली.

निरीक्षकानं बराच विचार केला. शेवटी म्हणाला, "एकविसाव्या दिवशी मी येतो. हौदातून निघालेल्या पाण्यात तुमचे थेंब टाकायचे. रंग आला नाही तर महिनाभर मुदत देतो, विहीर पूर्ण साफ करा. रंग आला तर मुरमाचे ट्रक सोबतच असतील. मधे एकदा बघून जाईन."

मामा मला म्हणाला, "तू केमिस्ट आहेस ना? जा."

मास्तरांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर आमच्या नालीत उतरून पिवळा-हिरवा, हात लावायला भीती वाटेल असा गाळ बादलीत भरला. मी म्हटलं, "अहो, ह्यात काय जिवंत असणार?"

"ह्याच्यातच असते," ते म्हणाले. "बाहेरची चांगल्या घरातली मंडळी आनली, त एका दिसात मरन. तुमचं जहर पिऊन पिऊन जे मेले नाई, ते पायजे मले."

तो गाळ बाटल्यांत गेला, बाटल्यांतून माठांत, माठांतून हौदात. प्रत्येक वेळी गुळाचं पाणी आणि शेण. काकूंनी दोन दिवस बघून निकाल दिला, "विरजन लावून राहिले म्हना ना सरळ. एवढं सायन्स कायले सांगता?" मास्तरांना ते इतकं आवडलं की ते लोकांना तसंच सांगायला लागले.

हौदावर ओली पोती अंथरली, कारण ह्या मंडळींना हवा सोसत नव्हती. मग सुरू झाल्या बादल्या. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि ऊन उतरल्यापासून दिवेलागणीपर्यंत विहिरीचा रहाट थांबत नसे. अख्खी वस्ती पाळीनं पाणी शेंदायची. प्यायचं पाणी रस्त्यापलीकडच्या त्याच नळावरून येत होतं. बायका पुन्हा रांगेत शेवटी उभ्या राहत होत्या आणि परत येऊन सरळ विहिरीवर शेंदायला लागत होत्या. लोकांच्या तळहातांना फोड आले होते. मीही ओढलं. माझे फोड मी सगळ्यांना दाखवत फिरलो, त्यामुळे ते जास्त दिसले.

मास्तर रोज संध्याकाळी हौदातून निघालेल्या पाण्याची एक बाटली भरून, दोन थेंब टाकून विहिरीच्या काठावर ठेवत. एक-एक करत बाटल्यांची रांग झाली. पहिली वांग्याच्या रंगाची. पाचवी जांभळाच्या डागासारखी. आठवी कांद्याच्या सालीसारखी. चौदाव्या दिवशीच्या बाटलीत काहीच रंग नव्हता. ती बाटली बघायला माणसं घरातून पोरांना कडेवर घेऊन आली. काकूंनी ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाल्या, "बरं हाये. पन अजून पाच-सात दिस हायेत. नजर नका लावू."

सोळाव्या दिवशी निरीक्षक मधली पाहणी करायला येणार होते.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. नालीच्या कडेनं पांढरी पावडर मारायची. घाण उचलायची गरज नसते. पांढरी रेघ दिसली पाहिजे, ब्लिचिंगचा वास आला पाहिजे, म्हणजे साहेबाला समजतं की त्याच्या येण्याची जाणीव ठेवली गेली आहे. मामा सकाळी निघताना मला म्हणाला, "साहेब येतोय, जरा पावडर मारून घे रे." आणि मी घेतली. कारखान्याच्या भिंतीनं घेतली, रस्त्याच्या कडेनं घेतली, विहिरीच्या वाटेनं दोन्ही बाजूंनी सरळ रेघा ओढल्या. माझ्या रेघा फार छान येतात.

मग मी हौदाशी आलो. हौदाला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. चांगला चिखल कामाला लागला की तसाच येतो, हे मास्तरांनी मला सांगितलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर निरीक्षक नाकाला रुमाल लावून उभा होता. वस्ती गरीब आहे, घाण ठेवते, असं तो मनात म्हणेल, आणि मला वस्तीची लाज राखायची होती. तेव्हा मला खरंच असं वाटलं होतं. लोक न्याहारीला गेले होते. मी पोत्याची कड उचलली आणि पिशवीत उरलेली सगळी पावडर हौदात पालथी केली. वर दोन बादल्या पाणी ओतलं, म्हणजे ती नीट आत मुरेल.

दुपारी निरीक्षक आले. पावडरच्या रेघा बघून समाधानानं मान हलवली. मास्तरांनी हौदाखालच्या नळीतून पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. पाणी जांभळं झालं.

मास्तरांनी बाटली हलवली, ओतून दिली, दुसरी भरली. तीही जांभळी झाली. निरीक्षकानं डायरीत काहीतरी लिहिलं. "पाच दिवस आहेत," तो म्हणाला, आणि जाताना जरा हळूच म्हणाला, "बघा काय होतं ते."

मास्तरांनी पोतं बाजूला केलं, मूठभर चिखल काढला आणि नाकाशी धरला. पुष्कळ वेळ धरला. मग चिखल जसा काढला तसा परत ठेवला आणि हात धोतराला पुसले.

"मंडळी गेली," ते म्हणाले.

एक तरुण पुढे आला. त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. "काहून, मास्तर? काल त बरोबर होतं."

"ऊन लागलं असन."

"मंग आता? बाटल्यायतून अजून टाका."

"बाटल्या सगळ्या रिकाम्या केल्या मी. होतं ते सारं हौदात घातलं." आणि नाली तर मामानं निरीक्षकाच्या भीतीनं कधीच खरवडून, चुना मारून कोरडी करून ठेवली होती. आमच्या जहरावर जगलेलं आता कुठेच काही उरलं नव्हतं. मास्तर हौदाच्या काठावर बसले. मी त्यांना त्याआधी कधी नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात काकू घरात गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. खोबरेल तेलाची जुनी बाटली होती, आत काळा चिखल.

"हे काय?"

"विरजन," काकू म्हणाल्या. "दह्याचं सारं भांडं कोनी उपडं करते का? वाटीभर मांगं ठेवाच लागते. चुलीपाशी ठेवली होती, रोज उलीसा गूळ टाकून राहिली मी. तुमाले सांगतलं असतं त तेबी ओतलं असतं तुमी."

मास्तर बायकोकडे असे बघत राहिले, की आजूबाजूच्यांनी माना फिरवल्या. "तूच माही प्रोफेसर वं," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "काम पाहा आता."

ते बाटली घेऊन हौदाशी आले. बूच काढलं. सगळी वस्ती गोल करून उभी होती. आणि मला एकदम कळलं, की ही शेवटची वाटी त्याच चिखलात जाणार आहे. ब्लिचिंग अजून आत मुरलेलं आहे. ओतल्या ओतल्या हीसुद्धा मरेल.

मी गप्प राहिलो, तर विहीर गेली. बोललो, तर चाळीस-पन्नास माणसं समोर होती, पंधरा दिवस हात सोलून शेंदणारी, आणि मी विष सोडणाऱ्या कारखान्याचा भाचा. माझे पाय तिथून निघायला बघत होते. मी खाली बघितलं. माझ्या बुटांवर पांढरी भुकटी होती.

मास्तरही तिकडेच बघत होते.

"टाकू का, भाऊ?" त्यांनी मला विचारलं. मला. इतक्या माणसांत.

मी घसा खाकरला.

"टाकू?" बाटली तिरकी झाली. चिखल तोंडाशी आला.

"थांबा," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, कुठल्या तरी बारक्या प्राण्याचा होता. "आधी हौद उपसायला हवा. हा चिखल काढून, हौद धुऊन, नवा भरल्याशिवाय टाकू नका."

"काहून पन?" चिंध्या बांधलेला तरुण माझ्याकडे वळला.

मी एक बूट दुसऱ्या बुटामागे घेतला. मास्तरांनी बाटलीला बूच लावलं. "केमिस्ट हाये ना गा तो," ते शांतपणे म्हणाले. "त्याले समजते."

आयुष्यात माझ्या त्या पाटीचा एवढाच उपयोग झाला.

"मंग उपसन कोन? लोक थकून गेले," कुणीतरी म्हणालं.

"मी," मी म्हटलं.

तो हा हौद. बूट काढून, पँट दुमडून मी उतरलो. चिखल घमेल्यात भरायचा, डोक्यावर घ्यायचा, कारखान्याच्या सिमेंटच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा, परत यायचं. उरलेली सगळी दुपार. मधे काकू ताक घेऊन आल्या. "एकटे काहून करून राहिले? चार जनायले बोलावते मी."

झाडाखालून मास्तर म्हणाले, "राहू दे वं. त्याले करू दे."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्या बुटांकडे. मग ताकाचा लोटा काठावर ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी मी हौद आठ वेळा धुतला. वर आलो तेव्हा मास्तरांनी माझा हात हातात घेऊन नखं बघितली. काळी होती, आतपर्यंत. "बसा," ते म्हणाले. त्यांनी मला बसायला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. काकूंची वाटी आधी एका माठात गेली, एका माठाचे चार माठ झाले, तोवर दीड दिवस गेला. हौदात नवी माती, शेण, काकूंच्या डब्यातला उरलेला सगळा गूळ. अठराव्या दिवशी माठ हौदात ओतले. एकोणिसाव्या दिवशीची बाटली जांभळीच. विसाव्या दिवशी मास्तरांनी बाटली भरलीच नाही. म्हणाले, "त्यायले रोज रोज उठवून परीक्षा नका घेऊ." मला वाटतं त्यांचीच हिंमत झाली नव्हती. दिवसभर ते हौदाशी उकिडवे बसून हळू आवाजात चिखलाशी बोलत होते, आणि त्या दिवशी त्यांना कुणी हसलं नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी दोन ट्रक आले आणि विहिरीच्या तोंडाशी उलटे लागले. मुरूम खच्चून भरलेला होता. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढायला लागला. निरीक्षक आले. वस्ती काठानं उभी राहिली. मामा फाटकापाशी होता, पुढे येत नव्हता.

मास्तरांनी पाणी घेतलं. थेंबांची बाटली मात्र त्यांनी निरीक्षकाच्याच हातात दिली. "तुमीच टाका, साहेब."

एक थेंब. दुसरा. निरीक्षकानं बाटली उजेडात धरली. आम्ही सगळे जांभळ्या रंगाची वाट बघत होतो. इतकी वाट बघत होतो, की मला तो दिसायलाच लागला. मी डोळे चोळले. पाणी पाण्यासारखं होतं. निरीक्षकानं बाटली हलवली, आणखी चार थेंब टाकले, थोडं थांबला. पुन्हा हलवली.

"नाही येत," तो म्हणाला, जणू त्याचीच काहीतरी चूक झाली होती.

काकू ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "टिरक हटव ना गा. बादल्या न्याले वाट नाई राह्यली."

मुदत मिळाली. त्या महिन्यात विहिरीचं पाणी मंडळींच्या हातून किती वेळा गेलं याचा हिशोब मास्तरांनी ठेवला नाही, पण काठावर बाटल्यांची दुसरी रांग लागली आणि तिचाही रंग ओसरत ओसरत गेला. हौदाच्या तळाचा हिरवट गाळ मामानं आपल्या आवारात घेतला, ज्याचं त्याच्या घरी. शेवटच्या दिवशी निरीक्षकानं विहिरीतलंच पाणी तपासलं आणि कागदावर सही केली.

सगळे जमले होते. मला वाटलं आता मास्तर भाषण करतील. त्यांनी पिशवीतून कागदाचं एक पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. उघडलं तर पांढरी पावडर. वास नाकात गेला आणि माझे कान गरम झाले.

"क्रोम गेलं," ते लोकांना म्हणाले, "पन विहीर महिनाभर चिखलाच्या पान्यानं भरली हाये. प्याच्या आधी ब्लिचिंग टाकाच लागते. भाऊ टाकतीन." मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू नाही आणि सगळ्यांना समजेल इतक्या मोठ्यानंही नाही, ते म्हणाले, "टाका भाऊ. ते इथं टाकाचं असते."

मी विहिरीच्या काठाआधीच चप्पल काढली. पावडर टाकली. पुडक्याचा कागद झटकला, घडी केला आणि खिशात ठेवला, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं. मास्तर नखांतली माती काढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पहिली बादली शेंदली. त्याच पितळेच्या तांब्यात पाणी भरलं, लोकांतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि तांब्या पुढे केला.

"घ्या," म्हणाल्या. "सरबत."

पाण्याला ब्लिचिंगचा वास येत होता. मी सगळं पाणी एका दमात प्यालो.